घरच्या पडद्यावरचा उजेड

घरांत पडद्यावर चित्र पाडावें आणि तें चार माणसांनीं मिळून पाहावें, ही हौस आजची नाहीं. साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ ती माणसाच्या मागें लागलेली आहे, आणि जवळजवळ तितकाच काळ तिच्या मागें आणखी एक प्रश्न लागलेला आहे. घरांत यंत्र आहे, तें साधें आहे, त्याचें चित्र अंधुक वाटतें, अधिक चांगलें असावेंसें वाटतें. परंतु हातांत पैसा थोडा आहे. हा थोडा पैसा घालावा कोठें? दिव्यावर, भिंगावर, पडद्यावर, कीं तें सारें सोडून नव्या यंत्रावर? श्रोतेहो, आज ज्या घरांत विजेवर चालणारा प्रक्षेपक आहे तेथें हा प्रश्न निघतो, आणि दीडशें वर्षांपूर्वीं ज्या घरांत तेलाचा जादूचा कंदील होता तेथेंही तो असाच निघत असे. दुकानदार त्याचें उत्तर तेव्हां जें देत तेंच आजही देतात. इतिहासाचें उत्तर मात्र थोडें निराळें आहे.

आरंभींच एक साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रक्षेपकाला उजेड टाकतां येतो, अंधार टाकतां येत नाहीं. चित्रांतलें रात्रीचें आकाश किंवा नायिकेचे काळेभोर केस म्हणजे पडद्याचा तो भाग, ज्यावर यंत्रानें कांहींच टाकलेलें नाहीं. तो किती काळा दिसेल हें यंत्र ठरवीत नाहीं, खोली ठरविते. खिडकीच्या फटींतून तिरीप आली कीं काळ्याचें करडें होतें आणि हजारों रुपयांचें यंत्र शेंकड्यांचें दिसूं लागतें. दुसरी गोष्ट हिशेबाची. चित्राची रुंदी दुप्पट केली कीं त्याचें क्षेत्रफळ चौपट होतें आणि तोच उजेड चौपट जागेवर पातळ होऊन पसरतो. या दोन नियमांपुढें श्रीमंत आणि गरीब सारखेच.

या यंत्राचा जन्म मोठा गमतीचा आहे. हॉलंडमधील थोर गणिती क्रिस्तिआन हायगेन्स यानें १६५९ मध्यें कंदिलांतून दाखविण्यासाठीं कांहीं चित्रें रेखाटलीं. त्यांत एक सांगाडा आपलें डोकें स्वतःच्या हातांनीं उतरवितो आहे. शनीच्या कड्याचें गूढ उकलणाऱ्या या पंडिताला पुढें आपल्या या खेळण्याची लाज वाटूं लागली. १६६२ मध्यें त्याच्या वडिलांना तो कंदील पॅरिसला दरबारीं मंडळींपुढें दाखविण्याची इच्छा झाली. नाहीं म्हणण्याची सोय नव्हती. तेव्हां त्यानें भावाला पत्रानें कळविलें कीं, कंदील पोंचला म्हणजे त्यांतलें एक भिंग गुपचूप काढून टाक, म्हणजे तो चालणारच नाहीं! पुढें लोकांनीं या यंत्रांत काय काय भर घातली. मूळ कर्त्याची पहिली सुधारणा मात्र तें बंद पाडण्याची होती.

एकोणिसाव्या शतकांत जादूचा कंदील युरोपांत सामान्य घरांत शिरला. जर्मनींतील नुरेंबर्ग येथील कारखाने पत्र्याचे कंदील खेळणीं म्हणून काढूं लागले. त्यांच्या पोटांत तेलाची एक वात, पुढें दोन भिंगें, आणि मध्यें सरकणारी रंगीत कांचपट्टी. चित्र पडे, पण हातभर रुंदीच्या पलीकडे गेलें कीं तें ओळखावें लागे. येथून सुधारणेची खटपट सुरू झाली आणि ती सगळी दिव्याभोंवतीं फिरत राहिली. लोक वात नीट कातरीत. घासलेटांत कापराची वडी विरघळवून ज्योत अधिक पांढरी करूं पाहत. १८७० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या मार्सी यानें आपल्या ‘सायोप्टिकॉन’ नांवाच्या कंदिलांत एक नामी युक्ति योजली. चपट्या वाती त्यानें भिंगाकडे रुंदीनें न ठेवतां कडेनें ठेवल्या. तेल तेंच, वाती त्याच. पण भिंगाला दिसणारी ज्योत आतां अरुंद आणि दाट झाली. भिंगाला पुष्कळ उजेड नको असतो, थोड्या जागेंत एकवटलेला उजेड हवा असतो. हें तत्त्व त्या वेळीं ज्यानें ओळखलें त्याचे पैसे वांचले.

ज्यांना यापेक्षां अधिक हवें होतें त्यांच्यासाठीं लाइमलाइट होता. प्राणवायु आणि हायड्रोजन यांची ज्वाला कळीच्या चुन्याच्या तुकड्यावर सोडली कीं तो तुकडा डोळे दिपवील असा पांढराशुभ्र पेटतो. मोठाल्या सभागृहांत हजार हजार माणसें त्या उजेडांत चित्रें पाहत. परंतु हे वायु रबरी कापडाच्या पिशव्यांत भरावे लागत, त्या पिशव्या फळ्यांमध्यें दाबून वर वजनें ठेवावीं लागत, आणि दाब कमीजास्त झाला तर स्फोट होई. दिवाणखान्यांत मुलांना पंचतंत्राच्या गोष्टी दाखविण्यासाठीं हा खटाटोप कोण करणार? मग खर्च आणि खटपट वांचविण्यासाठीं निरनिराळे आडमार्ग निघाले. त्यांतला एक ईथरच्या वाफेचा. ४ मे १८९७ रोजीं पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारांत चलच्चित्रांचा खेळ चालू होता. दिव्यांतलें ईथर संपलें, तें भरलें जात असतांना काडी ओढली गेली, आणि थोड्या मिनिटांत लांकूड, कापड व रंगीत कागद यांनीं सजलेला तो मंडप जळून गेला. सव्वाशेंच्या आसपास माणसें मेलीं. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. घरांत चित्रें दाखवूं पाहणाऱ्याला यापुढें चित्र किती उजळ एवढाच विचार करून चालणार नव्हतें.

याच काळांत आपल्याकडे काय चाललें होतें? कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास आपल्या मुलांच्या साहाय्यानें ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. शंबरासुराच्या मायावी विद्येवरून आलेला हा शब्द आज ऐकतांना जड वाटतो. पण ‘मॅजिक लँटर्न’ला तोडीस तोड देशी नांव हवें या हौसेंतून तो आला आहे आणि मला तरी तो गोड वाटतो. पटवर्धनांजवळ विलायती कारखान्यांचें भांडवल नव्हतें. त्यांनीं आपली सुधारणा यंत्राच्या उजेडांत केली नाहीं, चित्रांत केली. एकाच प्रसंगाच्या किंचित् वेगळ्या अवस्था कांचांवर हातांनीं रंगवावयाच्या आणि त्या झपाट्यानें बदलून हालचालीचा भास उत्पन्न करावयाचा, ही ती योजना. ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें मुंबईंत ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत प्रथम दिसलीं. कल्याणच्या कांचेवरचीं माणसें त्याआधीं काहीं वर्षें हातपाय हलवूं लागलीं होतीं.

आणि मग दादासाहेब फाळके. १९१०-११ च्या सुमारास त्यांनीं मुंबईंत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनानें घेतलें कीं, असाच आपल्या देवादिकांचा चित्रपट आपण करावा. ही कथा बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्यांतला एक तपशील मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. छापखान्याचा धंदा सुटलेला, घरांत पैसा नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं एक लहानसें यंत्र आणि फिल्मच्या कांहीं गुंडाळ्या मिळविल्या आणि रात्रीं मेणबत्तीचा उजेड भिंगांतून पाडून भिंतीवर चित्रें पाहण्याचा क्रम चालविला. सिनेमागृहांत चार चार, पांच पांच तास आणि पुन्हां घरीं रात्र रात्र. डोळ्यांवर इतका ताण पडला कीं दृष्टि जावयाची वेळ आली. वैद्यकीय उपचारांनीं आणि निरनिराळ्या चष्म्यांनीं ती कशीबशी वांचली.

त्या मेणबत्तीचा थोडा हिशेब करून पाहूं. उजेडाच्या प्रवाहाचें आजचें माप ‘ल्युमेन’ हें आहे. एका मेणबत्तीचा चोहोंकडचा सारा उजेड साडेबारा ल्युमेनांच्या आसपास भरतो, आणि भिंगांतून पलीकडे जातो तो त्याचा अगदीं लहान अंश. सिनेमागृहांतला पडदा जितका उजळ असावा असें चित्रपटतंत्रज्ञांनीं ठरविलें आहे, तितका उजळपणा आणावयाचा तर शुभ्र पडद्याच्या दर चौरस फुटास सोळा ल्युमेन लागतात. म्हणजे फाळक्यांच्या मेणबत्तीनें त्या तोडीचें चित्र तळहाताएवढेंही झालें नसतें. तरी त्यांना हवें तें दिसलें. खोली काळोखी होती, भिंत जवळ होती, आणि पाहणारा माणूस प्रत्येक चित्र कसें हलतें याचा शोध घेत होता. त्यांच्याजवळ थोडा पैसा जमला तेव्हां तोही भिंतीवरचें चित्र मोठें करण्यांत गेला नाहीं. १९१२ मध्यें विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि छायायंत्र, फितीला भोकें पाडण्याचें यंत्र व मुद्रणाचें यंत्र यांची व्यवस्था करून आले.

त्याच १९१२ सालीं फ्रान्समधील पाथे कंपनीनें खास घरासाठीं ‘कोक’ नांवाचा प्रक्षेपक काढला. त्याची फीत २८ मिलिमीटर रुंद आणि सहजासहजीं पेट न घेणारी. सिनेमागृहांतली फीत भडकन् पेटणारी असे. पॅरिसच्या आगीची आठवण ज्यांना होती त्यांना या फरकाचें मोल सांगावें लागलें नाहीं. ज्या घरांत वीज नव्हती त्यांच्यासाठींही तोड होती. चित्र फिरविण्याच्या दांड्यालाच एक लहान डायनामो जोडलेला असे, आणि दांडा फिरला कीं दिवाही लागे. फिरविणारा दमला कीं चित्र मंदावे आणि अंधुकही होई. यजमानाच्या मनगटावर पाहुण्यांचा आनंद इतका उघडपणें अवलंबून असल्याचें दुसरें उदाहरण मला आठवत नाहीं.

परंतु मध्यम स्थितींतल्या घरांत खऱ्या अर्थानें चित्रपट नेला तो त्याच कंपनीच्या ‘पाथे-बेबी’ या लहानशा यंत्रानें. १९२२ च्या नाताळांत तें बाजारांत आलें. फीत साडेनऊ मिलिमीटर रुंद, भोकें कडेला न ठेवतां मधोमध, त्यामुळें फितीची जवळजवळ सारी रुंदी चित्राला मिळे. एका डबींत नऊ मीटर फीत बसे. ती सव्वा मिनिटांत संपावयाची. तेव्हांचे चित्रपट मुके, त्यांत वाचावयाच्या पाट्या पुष्कळ, आणि पाटी वाचतां यावी म्हणून तिचीं शेंकडों चित्रें फितीवर छापावीं लागत. पाथेच्या कारागिरांनीं काय केलें, तर पाटीच्या एकाच चित्राशेजारीं कडेला खांच पाडली. खांच आली कीं यंत्र फीत कांहीं सेकंद थोपवून धरी, प्रेक्षक पाटी वाची, आणि मग फीत आपोआप पुढें सरके. काटकसरीचा यापेक्षां सुरेख नमुना या साऱ्या इतिहासांत नाहीं.

आणि सुधारणेचा धडाही याच यंत्रांत आहे. पाथे-बेबी घेणाऱ्याला पुढें सवडीनें एक एक भाग घेतां येई. आज विजेची मोटर, पुढल्या वर्षीं मोठ्या गुंडाळीचे हात, त्यानंतर अधिक प्रखर दिवा. बेतशीर संसाराला मानवणारी ही रीत. पण प्रखर दिवा बसविला कीं खांचेजवळ थांबलेली पाटी त्या उष्णतेनें खराब होऊं लागे. मंद दिव्यावर उभी असलेली युक्ति प्रखर दिव्यानें निकामी केली, आणि खांचांच्या फिती मागें पडल्या. यंत्राचा एक भाग चांगला करावयास जावें तों दुसरा भाग तक्रार करूं लागतो, हा अनुभव आज प्रक्षेपक विकत घेणाऱ्यालाही येतो. फक्त तक्रार निराळी असते.

अमेरिकेंत ईस्टमन कोडॅक कंपनीनें १९२३ मध्यें १६ मिलिमीटरची फीत आणली. हीच रुंदी कां? साडेसतरा ठेवली असती तर ३५ मिलिमीटरची सिनेमागृहांतली पेटणारी फीत मधून चिरून लोकांनीं घरांत वापरली असती. स्वस्ताईचा मोह माणसाला कोठवर नेतो याचा अंदाज घेऊन ठेविलेलें हें माप आहे. छायायंत्र, प्रक्षेपक, तिवई, पडदा असा सारा संच ३३५ डॉलरांना मिळे. म्हणजे तो सुखवस्तूंचाच राहिला. पुढें मंदीचे दिवस आले, आणि १९३२ मध्यें त्याच कंपनीला ८ मिलिमीटरचा मार्ग काढावा लागला. १६ मिलिमीटरची पंचवीस फूट फीत एकदां एका कडेनें वापरावयाची, मग उलटून दुसऱ्या कडेनें. धुतल्यावर मधोमध चिरून टोकाला टोक जोडली कीं पन्नास फूट होई आणि चार मिनिटें चाले. चित्र चौथाईएवढें लहान, पण फितीचा खर्चही तसाच उतरला. लहान चित्र मोठें करावयाचें म्हणजे पुन्हां दिव्याचा प्रश्न; आणि त्याचें उत्तरही पुन्हां मार्सीचेंच आलें. ऑस्ट्रियांतील ऑयमिग कंपनीनें १९५० नंतरच्या दशकांत ‘पी ८’ या प्रक्षेपकांत बारा व्होल्ट, शंभर वॅटचा लहान दिवा बसविला. त्याची तार आंखूड आणि दाट, त्यामुळें भिंगाला हवा तसा एकवटलेला उजेड मिळे आणि कितीतरी अधिक वॅटांच्या दिव्यांशीं तो बरोबरी करी.

मग १९६५ सालीं ‘सुपर ८’ आलें. फितीची रुंदी तीच, पण भोकें लहान केलेलीं, त्यामुळें चित्राचें क्षेत्र निम्म्यानें वाढलें. सुधारणा खरी होती. पण जुन्या प्रक्षेपकाच्या दांत्यांना नवीं भोकें जमत नव्हतीं. तीस वर्षें ज्या घरांनीं मुलांचीं बारशीं, लग्नें, सहली जुन्या फितीवर टिपल्या होत्या, त्यांना एक तर दोन यंत्रें ठेवावीं लागलीं, नाहीं तर दोन्ही फिती चालविणारें महाग यंत्र घ्यावें लागलें. एक एक भाग जोडीत यंत्र वाढविण्याची रीत कारखानदारानें माप बदललें कीं तेथेंच थांबते. हौशी लोकांनीं आपापसांत सुटे भाग बनवून जुनीं मापें बरींच वर्षें जगविलीं, हा त्यांचा मोठेपणा.

यानंतरचा भाग भराभर सांगतां येण्यासारखा आहे. १९७२ मध्यें अमेरिकेंत ‘ॲडव्हेंट’ कंपनीचा तीन नळ्यांचा दूरदर्शन-प्रक्षेपक आला. १९८९ मध्यें जपानच्या ‘शार्प’नें द्रवस्फटिकांचा प्रक्षेपक विकावयास काढला. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनीं १९८७ मध्यें तयार केलेल्या सूक्ष्म आरशांच्या तुकड्यावर चालणारे प्रक्षेपक १९९६ पासून मिळूं लागले. पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला, आणि पुढें प्रकाशक व लेसर. यंत्रें हलकीं झालीं, स्वस्त झालीं, आणि कचेऱ्यांतून काढलेलीं जुनीं यंत्रें घरांत येऊं लागलीं. पाऱ्याचा दिवा हळूहळू क्षीण होत जातो. दोन-तीन हजार तासांनीं त्याचा निम्मा उजेड गेलेला असतो आणि रोज पाहणाऱ्याच्या तें ध्यानांतही येत नाहीं. आपलें यंत्र जुनें झालें म्हणून नवें घेणाऱ्या पुष्कळांना वास्तविक नवा दिवा पुरला असता.

आजच्या बाजारांतला मोठा सांपळा म्हणजे ल्युमेनांचा आंकडा. १९९२ मध्यें अमेरिकन मानक संस्थेनें तो मोजण्याची रीत ठरवून दिली: पडद्याचे नऊ सारखे भाग करावयाचे, प्रत्येकाच्या मध्यावर माप घ्यावयाचें आणि सरासरी काढावयाची. स्वस्त यंत्रांच्या जाहिरातींत जे दहा-दहा हजार ल्युमेन छापलेले असतात ते बहुधा या रीतीचे नसतात. आतां मघांचा हिशेब पुढें चालवूं. सहा फूट रुंदीचें, हल्लींच्या रुंद प्रमाणाचें चित्र सुमारें वीस चौरस फूट भरतें. सोळानें गुणलें कीं सव्वातीनशें ल्युमेन. खोली पुरी काळोखी असेल तर सिनेमागृहाच्या तोडीला एवढा प्रामाणिक उजेड पुरतो. दहा फूट रुंदीला नऊशें लागतात. उजेड दुप्पट केला म्हणजे डोळ्याला तो दुप्पट वाटतो असेंही नाहीं. वाढ असते, पण ती दामाच्या मानानें फार थोडी.

बारकाव्याचेंही असेंच. ज्या चित्रांत आडवे १९२० ठिपके असतात तें सहा फूट रुंद करून बारा फुटांवरून पाहिलें, तर एक ठिपका निरोगी डोळ्याच्या ओळखीच्या सीमेवर येतो. त्याच अंतरावर बसून चौपट ठिपक्यांचें यंत्र घेणें म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीसाठीं पैसे मोजणें. खुर्ची पुढें ओढावयाची तयारी असेल तर निराळी गोष्ट.

मग थोडा पैसा कोठें घालावा? मला विचाराल तर प्रथम जाड, गडद पडदे खिडक्यांना. दुसरें, चित्राच्या भोंवतालची हातभर भिंत आणि वरचें छत यांना मंद, गडद रंग. कारण पांढरें छत चित्राचाच उजेड परत पडद्यावर फेंकून काळें फिकें करितें. पडदा विकत घेतलाच पाहिजे असें नाहीं. कंदिलाच्या काळच्या जाणत्या लोकांना गुळगुळीत गिलाव्याची, पांढरा रंग दिलेली भिंत उत्तम पडदा म्हणून मान्य होती, आणि भौतिकशास्त्र त्यानंतर बदललेलें नाहीं. चंदेरी किंवा कांचेच्या बारीक मण्यांचा पडदा समोरच्याला अधिक उजेड देतो, पण तो कडेला बसलेल्याकडून काढून घेतलेला असतो. अरुंद खोलींत दोघे-तिघे बसत असतील तर तो जरूर घ्यावा. घर भरून माणसें बसत असतील तर आजी नेमकी कडेला बसते. भिंगावरची धूळ आणि हवेच्या जाळीवरचा मळ वर्षांतून दोनदां काढण्याला कांहींच पडत नाहीं. एवढें झाल्यावर चित्र एक फूट लहान करून पाहावें. इतक्यानेंही मन भरलें नाहीं तर दिवा, आणि सर्वांत शेवटीं यंत्र.

नवें यंत्र घेऊन जुनें काढून टाकण्याची वेळ आलीच, तर त्यापूर्वीं माळ्यावरच्या पेट्या उघडून पाहाव्या. आठ किंवा साडेनऊ मिलिमीटरच्या फिती त्यांत असतील, तर त्या फक्त त्याच मापाच्या यंत्रावर चालतात. डबीचें झांकण काढतांच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फीत कुजूं लागली आहे असें समजावें. ती आंकसते, वळते, आणि मग कोणत्याच दांत्यावर बसत नाहीं. अशी डबी इतर डब्यांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागीं ठेवावी, आणि तिच्यावरून नवी प्रत करून घेण्याचें काम नव्या प्रक्षेपकाच्या खरेदीच्या आधीं करावें.